विलास, तुझा रिपोर्ट जुळला होता

विलासने भूपालला, म्हणजे मला, फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण साताऱ्यात लोक उलटं समजतात. तुझ्या तेराव्याला मी मांडवात बसलो होतो, तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ह्यो सांगलीचा हळदवाला. ह्यानंच मास्तरांना राबवून राबवून घालवलं." मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर उठून त्याची गचांडी धरली असती, आणि वहिनींच्या दारात ते शोभलं नसतं.

तर विलास, फसवणूक तू केलीस आणि झाली माझी. तीही कशाने, तर आपण दोघांनी मिळून विकलेल्या मालाने. लोकांचं जाऊ दे, मलाच हा व्यवहार अजून उलगडत नाही. कुठल्याही सौद्यात फायदा कुणाचा झाला हे मला लगेच समजतं, माझी भाकरीच त्यावर आहे. यात कुणाचा झाला ते समजत नाही. म्हणून पहिल्यापासून मांडून बघतो.

मी अडत्या, शेतकऱ्यांची हळद बाजारात विकून देणारा. तू साताऱ्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा. कॉलेजात आपण सांगलीत एका खोलीत राहिलो. मी मधेच कॉलेज सोडून पोती उचलायला गेलो, तू शिकत राहिलास. मी सूर्य मावळायच्या आत जेवायचो, म्हणून तूही माझ्याबरोबर जेवून घ्यायचास आणि मग उशिरापर्यंत भुकेने चडफडायचास. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. आता दिसतं, पण दिसून काय उपयोग?

मिरजेच्या एका लॅबचे डॉक्टर माझ्या ओळखीचे. सातारा, कऱ्हाडहून रक्ताचे नमुने बसने त्यांच्याकडे यायचे, आणि रिपोर्ट फ्लॉपीवर घालून बसनेच परत जायचे. तिकडे ते छापून पेशंटच्या हातात द्यायचे. त्यात कुणीतरी वाटेत एका रिपोर्टमधली साखर कमी करून टाकली. नोकरीसाठी असेल, लग्नासाठी असेल. डॉक्टरांच्या नावाला बट्टा लागला. ते माझ्याकडे गाऱ्हाणं सांगत होते आणि मला त्यात धंदा दिसत होता. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला तुझ्या दारात.

"विलास, फाइलीतला एक आकडा जरी कुणी बदलला तरी बोंब मारील असं काही करता येतं का?"

तू हसलास. "ते लोकांनी कवाच करून ठेवलंय. आपण फक्त हाक मारायची."

पुण्याहून तुझ्या मावसभावाने एका लायब्ररीची फ्लॉपी आणली होती. मला वाटलं पुस्तकं असतील. तू सांगितलंस, की लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून, तपासून ठेवलेलं काम, आपण ते आपल्या प्रोग्रामातून वापरायचं. तिला तीन हाका मारायच्या. पहिली, तयार हो. दुसरी, हे घे. तिसरी, आता सांग. फाइल कितीही मोठी असो, घास घास करून तिला भरवायची, आणि शेवटी ती बत्तीस अक्षरांची एक ओळ काढून देते. हॅश म्हणतात त्या ओळीला. तीच फाइल पुन्हा भरवली तर तीच ओळ. घास लहान घेतले काय, मोठे घेतले काय, ओळ तीच. आणि ओळीवरून फाइल परत बनवता येत नाही.

"म्हंजे हळद दळल्यागत," मी म्हणालो. "पुडीची पुन्हा गाठ होत न्हाई."

"व्हय. पण तुझ्या पुडीत वीट मिसळली तर गिऱ्हाइकाला कळत नाही. हिला कळतं."

हा टोमणा मी सोडून दिला. तू मला करून दाखवलंस. एका रिपोर्टात हिमोग्लोबिनचा शेवटचा आकडा फक्त एकाने वाढवलास आणि पुन्हा ओळ काढलीस. सगळीच्या सगळी ओळ वेगळी. मला ते व्यवहाराला धरून वाटेना. एवढ्याशा बदलाला एवढा मोठा गोंधळ कशाला? मी तुला विचारलं होतं, आठवतं का, की समजा बत्तीसपैकी तीस अक्षरं जुळली, तर चालवून घ्यायचं का?

"न्हाई."

"आरं, दोनच अक्षरांचा फरक."

"भूपाल्या, हितं घासाघीस न्हाई. जुळलं तर जुळलं, न्हाई तर न्हाई."

जगात कुठलीही गोष्ट घासाघीस न करता मिळते, यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता.

तू प्रोग्राम लिहिलास, मी विकला. डॉक्टरांशी भाव करताना मी तीन वेळा उठून दारापर्यंत गेलो आणि तीनही वेळा त्यांनी मला परत बोलावलं. तू शेजारच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होतास. बाहेर आल्यावर म्हणालास, "मला लाज वाटत होती रं." मी म्हणालो, "म्हणूनच तू मास्तर हायस." आपण दोघंही हसलो. ते हसू खरं होतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्याचा काही पुरावा नाही.

मग पहिल्याच आठवड्यात मिरजेची ओळ आणि साताऱ्याची ओळ जुळेना. एकही रिपोर्ट जुळेना. मी सांगलीच्या स्टँडवर जाऊन पार्सल घेणाऱ्या माणसाला नाही नाही ते बोललो. वाटेत फ्लॉपी कोण उघडतो ते सांग म्हणालो. तो बिचारा म्हणत होता, "आवं शेठ, ती उघडायची कशी ते तरी दावा." तुझा फोन आला तेव्हा मी तिथेच भांडत होतो. चूक तुझी होती. एका ठिकाणी प्रोग्राम फाइल जशीच्या तशी वाचत होता आणि दुसऱ्या ठिकाणी मजकूर म्हणून वाचत होता. मजकूर म्हणून वाचताना ओळींच्या शेवटची न दिसणारी चिन्हं आपोआप बदलत होती. एका अक्षराची दुरुस्ती. मी तुला म्हणालो, जा आणि त्या पार्सलवाल्याची माफी माग. तू खरंच गेलास. साताऱ्याहून सांगलीला फक्त तेवढ्यासाठी आलास, आणि त्याच्यासाठी कंदी पेढे घेऊन आलास. माझ्यासाठी नाही आणलेस. हेही मी विसरलेलो नाही.

आता खऱ्या भांडणाकडे येतो. ते आपण कधी संपवलंच नाही.

तुझं म्हणणं होतं, हॅश फ्लॉपीबरोबर पाठवायचा नाही. फ्लॉपी बसने जाऊ दे, ओळ फोनवरून सांगायची. मिरजेतून एकाने वाचायची, साताऱ्यात दुसऱ्याने लिहून घ्यायची. डॉक्टरांची माणसं वैतागली. बत्तीस अक्षरं, तीही इंग्रजी आणि आकडे मिसळलेली, रोज इतक्या रिपोर्टांची, आणि बाहेरगावचा फोन. बी म्हटलं की पलीकडच्याला डी ऐकू यायचं. डॉक्टर मला म्हणाले हे बंद करा. मी बंद केलं. ओळ रिपोर्टच्या खालीच छापायची, फाइलच्या शेवटी, असं ठरवून आलो आणि तुला सांगितलं.

तुला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्या बाजारात भाव पोत्यावर लिहून पाठवतोस काय? रुमालाखाली बोटं धरून भाव सांगतोस, आणि माल जातो वेगळा. का? मधल्या माणसाच्या हातात दोन्ही एकदम पडू नयेत म्हणूनच ना?"

मी आवाज चढवला. मी म्हणालो, ती ओळ म्हणजे लॅबचा मार्का. आमच्या बाजारात पोत्यावर अडत्याचा मार्का असला की घेणारा पोतं उघडत नाही. माल किडका निघाला तर मार्केवाल्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

"मार्का न्हाई रं ती," तू म्हणालास, एकदम खालच्या आवाजात. "मार्क्यामागं माणूस असतो. हिच्यामागं कुणी नाही. ज्याच्याकडं ही लायब्ररी हाय तो कुणीबी आकडे बदलून नवी ओळ काढील आणि खाली चिकटवील. जुळणारच. ओळ एवढंच सांगते की ती काढल्यापासून कागद बदलला न्हाई. कागद खरा हाय असं ती म्हणतच न्हाई."

"पण लायब्ररी तर तुझ्याकडंच हाय की."

"आज हाय."

"मग झालं तर. तू का असलं करणार हायस?"

तू काही बोलला नाहीस. मी हे गप्प राहणं होकार म्हणून धरलं आणि सांगलीला परत गेलो. माझ्या धंद्यात गप्प राहणाऱ्याचा होकारच धरतात.

त्यानंतर दिवाळी झाली आणि तू सांगलीला आलास. शर्ट अंगावर लोंबत होता. दंडावर काळेनिळे डाग. मी विचारलं तर म्हणालास बाकावर आपटलो. मला ते पटलं नाही. मी भांडलो, कारण काळजी करायची मला दुसरी रीत येत नाही. म्हणालो, आपल्याच लॅबमध्ये रक्त तपास, आणि रिपोर्ट मला दाखव. तोंडी सांगितलेलं ऐकणार नाही. फ्लॉपी आण. मी माझ्या मशीनवर तपासणार.

"माझ्यावर विश्वास न्हाई व्हय?"

"रिपोर्टावर हाय."

तू रिपोर्ट आणलास. खिशातून फ्लॉपी काढलीस, माझ्या पेढीतल्या मशीनमध्ये तूच घातलीस. मी तुझ्या खांद्यावरून वाकून बघत होतो. पांढऱ्या पेशी बरोबर, सगळं बरोबर, फक्त रक्त थोडं कमी. खाली ओळ. तू कळ दाबलीस. प्रोग्रामने फाइल घेतली, ओळ काढली, खालच्या ओळीशी ताडून पाहिली, आणि पडद्यावर आलं, जुळले.

मी तुझ्या पाठीत थाप मारली. भडंग मागवलं. तुझ्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, "पालक खा, गूळ खा, आणि कामाला लाग. कोल्हापूरची एक लॅब तयार हाय." तू भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खात राहिलास. मला वाटलं, नेहमीसारखी खोड.

विलास, तू त्या खुर्चीत बसून ते शेंगदाणे कसे खाल्लेस? मला खरंच कळत नाही. रागाने विचारत नाही. म्हणजे रागाने विचारतोय, पण कळतही नाही.

त्यानंतरचे महिने मी कसे घालवले ते तुला माहीत आहे. कोल्हापूरचा सौदा ओढत बसलो. साताऱ्याला यायचं म्हणून निघालो आणि हळदीचा हंगाम सुरू झाला म्हणून राहिलो. तू फोनवर म्हणायचास, नवीन आवृत्ती लिहितोय, थोडं थांब. मी थांबायचो नाही. एकदा म्हणालो, "मास्तर झालास आणि आळशी झालास. पोरांना शिकवून शिकवून हाडं मऊ झाली तुझी." पलीकडे तू हसलास. म्हणालास, "हाडं मऊ झाली हे बाकी खरं."

मला ते बोलू दिलंस. ही माझी खरी तक्रार आहे. खोटा रिपोर्ट एक वेळ सोडून देईन. पण माझ्या तोंडून ते बाहेर पडत होतं, आणि तुला माहीत होतं की हा माणूस पुढे जन्मभर हे वाक्य चघळत बसणार आहे, तरी तू थांबवलं नाहीस. एवढं म्हणायचं होतंस, "भूपाल्या, गप बस." मी बसलो असतो. कधी बसलो नसेन, तेव्हा बसलो असतो.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो. जीप काढून साताऱ्याला पोचलो तर मिरजेचे डॉक्टर माझ्याआधी येऊन उभे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाईट झालं. पण निदान तुमच्या मनाची तयारी असेल."

"कसली तयारी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ल्युकेमिया होता. त्यांच्या पेशींचा आकडा मी स्वतः त्यांना फोनवर सांगितला होता. ते म्हणाले, भूपालला मी सांगतो."

मी डॉक्टरांच्या अंगावर ओरडलो. तुझ्या दारात, तू आत असताना. मी म्हणालो, रिपोर्ट मी तपासलाय, जुळलाय, तुमचीच लॅब खोटारडी. लोकांनी मला धरलं. ते मला वेडा समजत असतील. मी वेडा नव्हतो. पडद्यावर जुळले आलं होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि मग, माणसं मला धरून असतानाच, तुझं ते "आज हाय" आठवलं. आकडे बदलून नवी ओळ काढायला लायब्ररी तुझ्याकडेच होती.

दिवस झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. चहा दिला. मी विचारलं, "वहिनी, तुमाला ठावं होतं?"

"होतं, भावजी."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"ते नको म्हणाले. म्हणाले, भूपाल मला मुंबईला नेईल, तिथून मद्रासला नेईल, प्रत्येक दवाखान्यात डॉक्टरांशी भांडंल, आणि शेवटी मी परगावच्या खाटेवर मरीन. मला क्लास घेत घेत घरात मरायचंय."

"आणि तुमी ऐकलंत?"

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्यांचं ऐकलं असतंत का?"

"न्हाई."

"म्हणून तर," वहिनी म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या.

मी निघताना त्यांनी तुझी नवीन आवृत्ती माझ्या हातात दिली. तीच, जिच्यासाठी मी तुला आळशी म्हणालो. मी सांगलीला येऊन ती मशीनवर चढवली. तुझ्या क्लासमधल्या जोडीदाराला फोन करून विचारलं यात नवीन काय. तो म्हणाला, आता फाइल भरवण्याआधी प्रोग्राम लॅबचा एक गुप्त शब्द लायब्ररीला भरवतो. तो शब्द फक्त लॅबच्या आणि तपासणाऱ्याच्या मशीनमध्ये बंद आहे. ज्याला शब्द माहीत नाही त्याला लायब्ररी असूनही खरी ओळ काढता येणार नाही. म्हणजे ज्या भोकातून तू मला फसवलंस, ते भोक तू शेवटचे महिने खर्च करून बुजवलंस.

का? पश्चात्ताप झाला म्हणून? की तेव्हाचं भांडण जिंकायला? की फक्त काम अर्धवट होतं आणि तुला अर्धवट काम सहन होत नव्हतं, म्हणून, आणि त्यात माझा काही संबंधच नव्हता?

मी तुझा तो रिपोर्ट नवीन आवृत्तीत घातला. जुळला नाही. मला वाटलं तू माझ्याशी बोलतोयस. खोटं होतं ते, भूपाल्या, असं कबूल करतोयस. मग माझा स्वभाव आडवा आला. मी दुसऱ्या कुणाचा तरी जुना रिपोर्ट घातला, अगदी खरा, लॅबमधून आलेला. तोही जुळला नाही. तिसरा घातला. तोही नाही. जुन्या ओळींत तो गुप्त शब्दच नव्हता, त्या नवीन हिशेबात बसणारच नव्हत्या. खऱ्या आणि खोट्या, सगळ्या सारख्याच नापास. तू कबूल वगैरे काही केलेलं नव्हतंस. तू फक्त काम केलं होतंस.

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. एकदा वाटतं, तू मला वाचवलंस. ते महिने मी नेहमीसारखा जगलो, तुझ्यावर ओरडलो, सौदे केले, रात्री झोपलो. रोज तुझ्या मरणाकडे बघत बसणं तू माझ्या वाट्याला येऊ दिलं नाहीस. त्याबद्दल तुझे उपकार मानावेत असं मनात येतं, आणि मानायला लागलो की तळपायाची आग मस्तकात जाते. कारण मी मागितलं होतं का? मी तुझ्याकडे खरा आकडा मागितला होता. मला माल कमी दिला असतास तर चाललं असतं, मी भांडून पुरा करून घेतला असता. पण तू मला पोतं बंद करून दिलंस, वर सगळं चोख, आणि मी माझ्या बाजाराच्या सवयीने ते उघडलं नाही.

एक फोन केला असता तर कळलं असतं, असं माझी बायको म्हणते. डॉक्टरांना नुसतं विचारायचं होतं. खरं आहे. पण मी भागीदाराच्या पाठीमागे चौकशी का करायची? मग भागीदार कशाला म्हणायचं? तूही मनात तेच धरलं होतंस का, की हा फोन करणार नाही? की उलट, करील असं वाटत होतं आणि तू वाट बघत होतास? मी भडंग मागवत होतो तेव्हा तू एकदा टेलिफोनकडे बघितलं होतंस. खरंच बघितलं होतंस की आता मी ते मनानेच घालतोय, हेही मला सांगता येत नाही.

डॉक्टर निर्दोष सुटले, त्यांनी खरा आकडा फोनवर सांगितला. वहिनींना मी काही बोलू शकत नाही, त्या नवऱ्याचा शब्द राखून होत्या. लायब्ररी लिहिणारे कुठल्या देशातले कोण, त्यांनी जे सांगितलं तेवढंच त्यांची लायब्ररी करते. ज्याच्या त्याच्याकडे आपापलं उत्तर आहे. उरलास तू. आणि तुला मी सोडणार नाही.

आपली भागीदारी ठरली तेव्हा कागद केला नव्हता, तुला आठवत असेल. येईल ते निम्मं तुझं, निम्मं माझं, चांगलं असो की वाईट, एवढंच बोललो होतो आणि ते आपण पाळत आलो. मग हे मरण तू एकट्याच्या नावावर कसं काय लावून घेतलंस? माझा हिस्सा ठेवला नाहीस. विचारलंही नाहीस. मला नको होता, हे तू कशावरून ठरवलंस? मी रडलो असतो, भांडलो असतो, तुला मद्रासला ओढत नेलं असतं, कदाचित सगळं चुकीचं केलं असतं. पण ते माझ्या वाट्याचं होतं आणि ते करायचा हक्क माझा होता. तू तो काढून घेतलास.

कुणाला विचारून, विलास?